बोडी: कॅलिफोर्नियातील सोन्याच्या ओसाड गावी गाडीने जाताना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोडी नेमके कोठे आहे आणि तेथे पाहण्यासारखे काय आहे?

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, सिएरा नेव्हाडा पर्वतरांग ओलांडल्यावर, मोनो काउंटीतील उघड्याबोडक्या टेकड्यांमध्ये ८,३७५ फूट उंचीवर हे गाव उभे आहे. विदर्भातील वाचकांना ‘बोडी’ म्हटले की शेतातले छोटे तळे आठवेल. या बोडीचा त्या शब्दाशी काही संबंध नाही आणि येथे पाण्याचीही फारशी रेलचेल नाही. १८८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील गजबजलेल्या गावांमध्ये गणले जाणारे हे ठिकाण आज पूर्णपणे निर्मनुष्य आहे. लाकडी घरे, चर्च, शाळा, दुकाने आणि टेकडीच्या पायथ्याशी सोन्याच्या दगडाचा चुरा करणारी करड्या पत्र्याची मोठी गिरणी, इतके शिल्लक आहे. मूळ गावाचा हा जेमतेम विसावा हिस्सा असल्याचे सांगितले जाते. १९६१ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९६२ मध्ये ते राज्य ऐतिहासिक उद्यान झाले.

येथे उपाहारगृह नाही, घोडागाडीची सफर नाही, जुन्या पद्धतीचे कपडे घालून बंदुकीचे बार काढणारे नट नाहीत. ज्यांना करमणूक हवी आहे त्यांनी खाली कोलंबिया या गावाविषयीचे उत्तर आधी वाचावे.

हे गाव १८४९ च्या गोल्ड रशमधीलच आहे का?

नाही, आणि हा फरक समजून घेतला तर गावही अधिक चांगले समजते. जेम्स मार्शल यांना सिएराच्या पश्चिम उतारावरील कोलोमा येथे अमेरिकन नदीच्या काठी सोन्याचे कण दिसले ते २४ जानेवारी १८४८ रोजी. त्यानंतर जी झुंबड उडाली ती मुख्यतः नदीच्या वाळूतले मोकळे सोने वेचण्यासाठी होती, आणि त्यासाठी एक परात, एक फावडे व पाठीचा कणा एवढे भांडवल पुरत होते. काही वर्षांत वरवरचे सोने संपले, तेव्हा लोक पर्वत ओलांडून पूर्वेकडे सरकले. बोडीचे सोने १८५९ मध्ये सापडले, पण त्याचा मुख्य साठा डोंगराच्या पोटातील गारगोटीच्या शिरांमध्ये अडकलेला होता. ते काढायला बोगदे, यंत्रे, लाकूड आणि भागधारकांचा पैसा लागत असे. कोलोमा हे नशीब आजमावायला आलेल्या एकट्या माणसाचे गाव होते. बोडी हे कंपनीचे आणि मजुरांचे गाव होते.

गावाला हे नाव कोणावरून पडले?

न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथून आलेल्या डब्ल्यू. एस. बोडी या खाणशोधकावरून. १८५९ मध्ये त्यांना येथे सोने सापडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, सामान घेऊन परतताना, हिमवादळात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावावर पुढे जे गाव वसले ते त्यांनी पाहिलेही नाही. आडनावाच्या इंग्रजी अक्षरांचा क्रम एका रंगाऱ्याने पाटी रंगवताना बदलला आणि तोच पुढे रूढ झाला, अशी कथा सांगतात.

दैवाची थट्टा येथेच संपत नाही. १८७९ मध्ये गावाने त्यांच्या अस्थी शोधून काढल्या, त्यांची समारंभाने दफनक्रिया केली आणि स्मारकासाठी दगडही घडवायला घेतला. परंतु १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांची हत्या झाली आणि भावनेच्या भरात तो दगड गारफिल्ड यांच्या नावाने कोरला गेला. दफनभूमीत तो आजही आहे.

गाव एवढे मोठे कसे झाले, आणि ओस का पडले?

पहिली पंधरा-सोळा वर्षे बोडी म्हणजे चार झोपड्या होत्या. १८७५ मध्ये एका खाणीत दरड कोसळली आणि तिच्यामागे सोन्याचा समृद्ध थर उघडा पडला. १८७७ मध्ये स्टँडर्ड कंपनीने ती खाण घेतली आणि मग लोंढा सुरू झाला. ऐन भरात वस्ती दहा हजार होती असे सर्रास लिहिले जाते, मात्र १८८० च्या जनगणनेत सुमारे ५,४०० माणसांचीच नोंद आहे. खाणींच्या गावाची लोकसंख्या आठवड्यागणिक बदलत असे हे मान्य केले, तरी आम्हाला जनगणनेचा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो. ६५ मद्यालये होती हा दावाही असाच चवीने सांगितला जातो.

स्टँडर्ड कंपनीच्या खाणीने पंचवीस वर्षांत सुमारे दीड कोटी डॉलरचे सोने-चांदी दिले, आणि साऱ्या परिसराचे १८६० ते १९४१ या काळातील उत्पन्न ३ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात मोजतात. पण बहुतेक खाणींनी भागधारकांना निराशच केले आणि १८८२ पर्यंत भरभराट ओसरली होती. लोक माँटाना, ॲरिझोना अशा नव्या ठिकाणांकडे निघून गेले. १८९२ च्या आगीत बाजारपेठेचा मोठा भाग जळाला. १९१७ मध्ये रेल्वे बंद झाली, १९२० च्या जनगणनेत १२० माणसे उरली होती. १९३२ मध्ये पुन्हा आग लागली, तीही काड्यांशी खेळणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, युद्धाला अनावश्यक म्हणून सोन्याच्या खाणी बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला आणि त्याच वर्षी टपाल कार्यालयानेही कुलूप लावले.

गाव एका रात्रीत उठून गेले, जेवणाची ताटे तशीच राहिली, अशी वर्णने वाचली असतील तर ती विसरून जावीत. गाव साठ वर्षे हळूहळू रिकामे होत गेले. सामान मागे राहिले याचे कारण अगदी व्यवहारी आहे: येथून टेबल किंवा पलंग वाहून नेण्याचा खर्च त्या वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त पडे. उरलेल्या मालमत्तेचा मोठा भाग जेम्स केन यांच्या कुटुंबाच्या ताब्यात आला होता आणि त्यांनी राखणदार नेमले, म्हणून लुटालूट आटोक्यात राहिली.

बे एरियाहून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या भागातून, कोणत्या रस्त्याने जावे?

सॅन होजे, फ्रीमाँट या भागातून निघणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी उन्हाळ्यातील सरळ वाट राज्य मार्ग १२० ची आहे: ओकडेल, ग्रोव्हलँड, मग योसेमिटी राष्ट्रीय उद्यान, टायोगा घाट, आणि पलीकडे ली व्हायनिंग. तेथून महामार्ग ३९५ ने उत्तरेकडे वळल्यावर मोनो सरोवर उजव्या हाताला राहते, कॉनवे समिट हा ८,१०० फुटांहून उंच चढ लागतो आणि त्यानंतर उजवीकडे राज्य मार्ग २७० फुटतो. न थांबता हा प्रवास सहा तासांच्या आसपास होतो, पण टायोगा रस्त्यावर न थांबणारा माणूस आम्ही अद्याप पाहिलेला नाही. सकाळी घरून निघून त्याच दिवशी बोडी नीट पाहणे होत नाही. आदल्या रात्रीचा मुक्काम ली व्हायनिंग, मॅमथ लेक्स किंवा ब्रिजपोर्ट येथे ठेवावा.

योसेमिटीतून नुसते पार व्हायचे असले तरी प्रवेशशुल्क भरावे लागते, आणि काही उन्हाळ्यांत गर्दीच्या वेळांसाठी आगाऊ आरक्षणही सक्तीचे असते, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. टायोगा घाट ९,९४३ फुटांवर आहे आणि बर्फामुळे साधारणपणे नोव्हेंबर ते मे अखेर बंद असतो. बर्फ जास्त पडला तर जूनही उलटतो. दुसरी वाट राज्य मार्ग १०८ वरील सोनोरा घाटाची आहे. ती ब्रिजपोर्टच्या उत्तरेस ३९५ ला मिळते आणि अतिशय देखणी आहे, पण काही ठिकाणी चढ २६ टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे मागच्या आसनावर पोट ढवळणारी मंडळी असतील तर विचार करून घ्यावा. लॉस एंजेलिसहून येणाऱ्यांनी ३९५ धरूनच उत्तरेकडे यावे. त्या वाटेवर लोन पाइन, मान्झानार आणि बिशप लागतात.

शेवटचा रस्ता कच्चा आहे असे ऐकले. साध्या गाडीला झेपेल का?

झेपेल. ब्रिजपोर्टच्या दक्षिणेस ७ मैलांवर राज्य मार्ग २७० सुरू होतो. त्याचे एकूण अंतर १३ मैल असून पहिले १० मैल डांबरी आहेत आणि शेवटचे ३ मैल मातीचे. या तीन मैलांत रस्त्यावर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात आणि वेग वाढवला की गाडीचा प्रत्येक स्क्रू बोलू लागतो. ताशी पंधरा मैलांनी गेल्यास सेडानलाही अडचण येत नाही. पाऊस झाला असेल तर मात्र चिखलाचा अंदाज घेऊनच पुढे जावे. भाड्याची गाडी असल्यास करारात कच्च्या रस्त्याविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचावे, कारण अनेक करारांत अशा रस्त्यावरील नुकसान ग्राहकाच्या माथी टाकलेले असते.

नकाशाचे ॲप कधीकधी अंतर वाचवण्याच्या नादात राज्य मार्ग १६७ वरून कॉटनवुड कॅन्यनच्या वाटेने पाठवते. ती वाट बराच वेळ कच्चीच राहते, तेव्हा पहिल्या खेपेस २७० च बरा. मोबाइलला संपर्कजाळे मिळेल या भरवशावर राहू नये. नकाशा आधी उतरवून घ्यावा. पेट्रोल ली व्हायनिंग किंवा ब्रिजपोर्ट येथेच भरावे. ली व्हायनिंगहून बोडी ३१ मैल आहे आणि गावात पंप नाही. पर्वताच्या या बाजूला पेट्रोलचा दर पाहून आमच्या घरात दरवेळी एक सुस्कारा निघतो, तरीही टाकी पूर्ण भरतो.

कोणत्या महिन्यात जावे?

आमची पसंती सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या काळाला आहे. गर्दी कमी झालेली असते, हवा स्वच्छ असते आणि ३९५ च्या कडेची ॲस्पेनची झाडे पिवळीधमक होतात. जून ते ऑगस्ट या महिन्यांत दिवसा हवा सुखद असते, पण दुपारनंतर विजांसह वादळ येऊ शकते आणि उघड्या टेकडीवर आडोसा मिळत नाही. ऐन उन्हाळ्यातही पहाटे तापमान गोठणबिंदूच्या जवळ जाते. हिवाळ्यात उद्यान अधिकृतपणे उघडे असले तरी बर्फ पडल्यावर रस्ता चाकांच्या वाहनांना बंद होतो आणि बर्फावरच्या गाडीने, स्कीने किंवा बर्फाचे जोडे घालून चालतच पोहोचावे लागते. बर्फात गाडी रुतवून घेण्याचा खटाटोप कोणी करू नये, कारण मदत लवकर येत नाही.

सोबत भारतातून आलेले आई-वडील आहेत. उंचीचा आणि चालण्याचा त्रास होईल का?

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांचे आहे आणि बोडीचा मुख्य रस्ता त्याहून जवळजवळ तीन हजार फूट उंच आहे. त्यामुळे गाडीतून उतरून चार पावले टाकताच धाप लागली तर घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये. समुद्रसपाटीवरून थेट वर येण्यापेक्षा एक रात्र ली व्हायनिंगसारख्या ६,८०० फुटांच्या आसपासच्या ठिकाणी काढली तर शरीर बरेच सरावते. पाणी वारंवार प्यावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

गावातील मुख्य रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत, मात्र जमीन मातीची व खडबडीत आहे. जुने खिळे आणि काचेचे तुकडे अजूनही सापडतात, म्हणून चप्पल घालून फिरू नये. वडीलधाऱ्यांसाठी टोपी, गॉगल आणि वाऱ्यापासून कान झाकणारे काहीतरी अवश्य घ्यावे. सावलीचे झाड येथे शोधूनही मिळत नाही.

खाण्यापिण्याची सोय आहे का?

नाही. वाहनतळाजवळ शौचालये आणि बसून डबा खाण्याची जागा आहे, एवढेच. दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, भडंग, जे घरून निघताना होईल ते आणि माणशी निदान दोन लिटर पाणी बरोबर ठेवावे. कचरा परत न्यावा. वारा इतका जोरात सुटतो की कागदी ताटली हातातून केव्हा गेली ते कळत नाही, म्हणून स्टीलचे डबेच बरे.

तिकीट किती आहे आणि वेळ काय?

उद्यान सकाळी ९ वाजता उघडते. उन्हाळी हंगामात ते सायंकाळी ६ पर्यंत आणि हिवाळ्यात त्याच्या बरेच आधी बंद होते. प्रौढांसाठी ८ डॉलर आणि मुलांसाठी ५ डॉलर असे शुल्क गेली काही वर्षे आहे. निघण्याच्या आठवड्यात उद्यानाच्या संकेतस्थळावर ते एकदा पडताळून पाहावे. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास येथे चालत नाही, कारण हे राज्याचे उद्यान आहे. दर हंगामात कोणीतरी दारात या पासवरून हुज्जत घालताना दिसतेच. रोख रक्कम जवळ असू द्यावी. प्रवेशद्वारापाशी मिळणारी मार्गदर्शक पुस्तिका थोड्या पैशांत मिळते आणि ती घेतल्याशिवाय गावात शिरू नये, कारण घरांवर क्रमांक आहेत, लांबलचक माहितीफलक नाहीत.

घरांच्या आत जाता येते का?

बहुतेक घरांत नाही. मोजकी घरे आणि खाणकामगार संघटनेचे सभागृह उघडे असते. १८७८ मध्ये बांधलेल्या या सभागृहात आता संग्रहालय आहे. बाकी सगळे खिडकीच्या काचेला नाक लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून पाहायचे असते, आणि खरे सांगायचे तर या गावाची गोडी त्यातच आहे.

शाळेचे उदाहरण घ्या. ही इमारत आधी प्रवाशांचे निवासगृह होती. पहिली शाळा जळाल्यावर वर्ग येथे आले आणि १९४२ पर्यंत भरत राहिले. खिडकीतून आत पाहिले की बाके ओळीने उभी दिसतात, फळ्यावर खडूची अक्षरे असतात आणि काचेलगत एक पृथ्वीचा गोल असतो, ज्याचा कागद उन्हाने तपकिरी पडला आहे. बून यांच्या दुकानात फळ्यांवर डबे आणि खोकी मांडलेली आहेत. शवागाराच्या खिडकीतून शवपेट्या दिसतात. एका मद्यालयात जुगाराचे टेबल आहे. या सगळ्यावर जी धूळ आहे ती कर्मचाऱ्यांच्या आळसामुळे साचलेली नाही. ती मुद्दाम तशी ठेवली जाते.

उद्यानाच्या या धोरणाला ‘थोपवलेला ऱ्हास’ म्हणता येईल. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त होते, भिंत कलली तर टेकू दिला जातो, फुटलेली काच बदलली जाते, पण घर पुन्हा नवे केले जात नाही आणि रंगही दिला जात नाही. काही भिंतींवर आणि छपरांवर चौकोनी पत्रे ठोकलेले दिसतील. जवळ जाऊन पाहिल्यास ते चपटे केलेले डबे असल्याचे लक्षात येते. थंड वारा आत येऊ नये म्हणून रहिवाशांनीच रिकामे डबे कापून ते ठोकले होते. जेथे फळीसुद्धा दुरून आणावी लागते, तेथे डबा कोणी फेकून देत नाही.

टेकडीच्या पायथ्याची गिरणी म्हणजे नेमके काय? सोने कसे काढत असत?

शक्य असेल तर हा भाग चुकवू नये. गिरणीच्या आत फक्त मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. उन्हाळ्यात त्यासाठी वेगळे तिकीट असते आणि जागा मोजक्या असल्यामुळे आल्याबरोबर नाव नोंदवावे.

पूर्वी आपल्याकडे उखळात मुसळाने कांडप चालत असे, तेच तत्त्व येथे लोखंडात उतरवले होते. शेकडो किलो वजनाची वीस मुसळे एका फिरत्या दांड्यावरील उंचवट्यांनी एकामागोमाग उचलली जात आणि खाली ठेवलेल्या दगडावर आदळत. त्याबरोबर पाणी सोडले जाई. दगडाचा मऊ चुरा झाला की तो गढूळ प्रवाह पाऱ्याचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत. पाऱ्याचा सोन्याशी मोठा स्नेह आहे, त्यामुळे सोन्याचे कण त्याला चिकटून राहत आणि दगडाची पूड वाहून जाई. मग तो लगदा खरवडून बंद भांड्यात तापवत. पारा वाफ होऊन निघून जाई, थंड करून पुन्हा वापरला जाई आणि तळाशी सोने उरे. मुसळांचा हा आवाज रात्रंदिवस गावभर ऐकू येई. पुढे १८९० च्या दशकात सायनाइडची पद्धत आली आणि आधी टाकून दिलेल्या चुऱ्यातूनही सोने काढता येऊ लागले. पारा, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये मातीत मुरलेली असल्याने आणि जुनी बिळे ढासळण्याचा धोका असल्याने गिरणीभोवतीचा व टेकडीचा भाग बंद ठेवलेला आहे. कुंपण ओलांडू नये.

येथे वीज फार लवकर आली होती असे म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे, आणि त्याचे कारण पुन्हा अंतर आणि लाकूड हेच आहे. टेकड्यांवर झाडे नाहीत. बाष्पकांसाठी आणि शेगड्यांसाठी लागणारे लाकूड मोनो सरोवराच्या दक्षिणेकडील जंगलातून आणावे लागे आणि त्यासाठी १८८१ मध्ये सुमारे ३२ मैलांची अरुंद रेल्वे घातली गेली. ती इतर कोणत्याही रेल्वेला कधीच जोडली गेली नाही. लाकडाचा खर्च तरीही परवडेना, तेव्हा स्टँडर्ड कंपनीने १८९२ मध्ये सुमारे १३ मैलांवरच्या ग्रीन क्रीक या ओढ्यावर जलविद्युत केंद्र बांधले आणि तेथून तारेने वीज आणून गिरणी चालवली. इतक्या दूर वीज वाहून नेण्याचा तो अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक होता. वळणावर वीज तारेतून उडी मारून पळून जाईल या भीतीने खांब सरळ रेषेत रोवले होते, अशी दंतकथा मार्गदर्शक हमखास सांगतात. खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना १९१५ मध्ये मिळू लागली, हे लक्षात घेतले म्हणजे १८९२ सालाचे महत्त्व पटते. मूळ गिरणी १८९८ मध्ये जळाली. आज दिसते ती १८९९ मध्ये उभारलेली आहे.

गाव गुंडगिरीसाठी प्रसिद्ध होते का?

होते, आणि गावालाही त्याचा थोडासा अभिमान असावा. कुटुंबाबरोबर येथे राहायला निघालेल्या एका लहान मुलीने लिहिले म्हणे, ‘गुडबाय गॉड, आय ॲम गोइंग टु बोडी’. स्थानिक संपादकाने उत्तर दिले की मुलीने लिहिले होते ते ‘गुड! बाय गॉड, आय ॲम गोइंग टु बोडी’ असे. विरामचिन्हाची जागा चुकली इतकेच. किस्सा खरा असो वा नसो, जानेवारी १८८१ मधील घटना मात्र नोंदलेली आहे: जोसेफ डिरोश याने टॉमस ट्रेलोर याचा खून केला आणि ‘६०१’ नावाच्या जमावाने त्याला पकडून, खून झाला त्याच जागी फाशी दिली.

येथे फक्त गोरे खाणकामगारच राहत होते का?

मुळीच नाही, आणि पुस्तिकेत या विषयाला मिळालेली जागा आम्हाला कमी वाटते. ही भूमी पायूट या मूळ अमेरिकी लोकांची होती आणि मोनो सरोवराकाठचे कुत्झाडिका लोक आजही त्या परिसरात आहेत. गावात किंग स्ट्रीटवर चिनी वस्ती होती. भाजी, लाकूड आणि धुलाई यांचा मोठा भार ती उचलत असे आणि तिचे स्वतःचे मंदिरही होते. या वस्तीतले आता जवळजवळ काहीच उभे नाही. खाणकामगारांची संघटना दिवसाला ४ डॉलर मजुरी मिळवून देण्याइतकी बळकट होती, परंतु १८८१ मध्ये रेल्वेच्या कामावर चिनी मजूर आणल्यावर त्यांना हुसकावण्यासाठी याच गावातून जमाव निघाला. कंपनीने मजुरांना मोनो सरोवरातील पाओहा बेटावर नेऊन ठेवले, म्हणून ते वाचले. कॉनवे समिटच्या बाजूने येताना सरोवराच्या मधोमध दिसणारे मोठे, फिकट रंगाचे बेट तेच.

वस्तू उचलली तर शाप लागतो, हे काय प्रकरण आहे?

बोडीतून खिळा, काच किंवा दगड नेणाऱ्याच्या मागे दुर्दैव लागते, अशी वदंता आहे. गंमत अशी की लोक वस्तू नेतात आणि मग नोकरी गेली, गाडी ठोकली, आजारपण आले म्हणून माफीच्या पत्रासह त्या टपालाने परत पाठवतात. चोऱ्या थांबाव्यात म्हणून ही कथा रेंजर मंडळींनीच पसरवली असे म्हटले जाते. परत आलेल्या वस्तूमुळे काम सोपे होत नाही, कारण ती मुळात कोणत्या घरातून, कोणत्या फडताळावरून उचलली होती हे कोणाला सांगता येत नाही. मेथडिस्ट चर्चमध्ये कापडावर रंगवलेल्या दहा आज्ञा लावलेल्या होत्या, त्या चोरीला गेल्या. ‘चोरी करू नकोस’ ही त्यांपैकीच एक. शापावर विश्वास असो वा नसो, उद्यानातून काहीही नेणे हा गुन्हा आहे आणि मुलांचे खिसे गाडीत बसण्यापूर्वी एकदा तपासलेले बरे.

मुलांना सोने शोधायचे आहे. ते येथे जमेल का?

नाही. बोडीत परातीने सोने धुण्याची सोय नाही आणि धातुशोधक यंत्र आणण्यास मनाई आहे. दहा वर्षांखालील मुले तासाभरात कंटाळतील अशी शंका असेल तर सोनोराजवळचे कोलंबिया स्टेट हिस्टॉरिक पार्क बेतात घ्यावे. १२० च्या रस्त्याने जाताना वाट थोडी वाकडी करून तेथे जाता येते. १८५० मध्ये वसलेले ते गाव अजून नांदते आहे. तेथे घोडागाडी आहे, लोहार आहे, आइस्क्रीम आहे आणि परातीत वाळू हलवून सोन्याचा कण शोधण्याची मौजही आहे. आधी कोलंबिया आणि दुसऱ्या दिवशी बोडी असा क्रम ठेवला तर जिवंत ठेवलेले गाव आणि थोपवून धरलेले गाव यांतला फरक मुले आपण होऊन बोलून दाखवतात.

छायाचित्रे, ड्रोन आणि पाळीव कुत्रा यांविषयी काय नियम आहेत?

छायाचित्रे हवी तेवढी काढावीत. सकाळी दार उघडताच पहिला तास सर्वांत चांगला असतो, कारण प्रकाश तिरपा असतो आणि चौकटीत दुसऱ्याच्या टोप्या येत नाहीत. ड्रोन उडवू नये. कुत्रा दोरीने बांधलेला असल्यास चालतो, इमारतींत चालत नाही. धूम्रपान फक्त वाहनतळावर. दोन आगींत गाव गेले आहे, तेव्हा कर्मचारी याबाबत जराही सूट देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

किती वेळ ठेवावा आणि जवळ आणखी काय आहे?

तीन तास हे किमान. गिरणीची फेरी आणि दफनभूमी धरली तर चार ते पाच. दफनभूमी वाहनतळाच्या बाजूच्या उंचवट्यावर आहे आणि बरेच जण दमल्यामुळे ती सोडून देतात. तेथे तीन वर्षांच्या एका मुलीच्या थडग्यावर संगमरवरी देवदूत आहे. ती १८९७ मध्ये, खणणाऱ्या माणसाच्या मागे उभी असताना त्याच्या कुदळीचा घाव लागून गेली. तेथून सारे गाव एका नजरेत येते, म्हणून आम्ही दफनभूमी नेहमी आधी करतो आणि मग खाली उतरतो.

गावात मुक्कामाची किंवा तंबू ठोकण्याची परवानगी नाही. दुपारी तीनच्या सुमारास निघाल्यास मोनो सरोवराच्या दक्षिण काठावरील चुनखडीचे सुळके मावळतीच्या उजेडात पाहता येतात. ब्रिजपोर्टला राहणार असाल तर तेथील १८८० चे पांढरे लाकडी न्यायालय रस्त्यावरूनच दिसते आणि ते अजूनही वापरात आहे. त्या गावात उपाहारगृहे लवकर बंद होतात, तेव्हा जेवायला सातच्या आत पोहोचावे.